बेटावरचं सरपण

बेटाकडून धुराचा वास आला की मला नवरात्रातला तो दिवस आठवतो. भाटघरच्या धरणात आमचं गाव बुडालं, देवीची टेकडी तेवढी वर राहिली आणि तिचं बेट झालं. माथ्यावर देवराई होती, जांभळं, अंजनी, फांद्यांवर शेकरू, आणि खाली कुणी कधीच न उचललेल्या वाळक्या फाट्यांचा खच. राईतली काडीसुद्धा जाळायची नाही, अशी रीत होती. वडील देवीचे पुजारी. अंगात हिवताप असूनही ते नंदादीपात तेल घालायला तराफ्यावरून निघाले, म्हणून आई आणि मी सोबत गेलो. बेटाच्या काठाशी वाऱ्यानं तराफा उलटला. आम्ही ओलेचिंब वर आलो, तराफा वाहून गेला. तिन्हीसांजेला वडिलांचे दात वाजायला लागले. आईनं फाटी गोळा केली आणि एक काडी पेटवायला ती दिव्याकडे निघाली. "ठेव खाली," वडील म्हणाले, "देवीचं हाय ते." "देवीला थंडी वाजती व्हय?" आईनं विचारलं. वडिलांनी नुसता हात पुढं केला. आईनं काडी त्यांच्या हातात दिली. उजाडायच्या आत ते गेले. वारा पडल्यावर पलीकडची माणसं दुसरा तराफा घेऊन आली. पुजाऱ्याला टेकडीच्या पायथ्याशीच अग्नी द्यायची चाल, म्हणून पुढच्या खेपेला तो तराफा लाकडांनी भरून आला. आता सहलीची मंडळी लाँचनं तिथं जातात आणि राईतल्याच फाट्यांवर कोंबडी शिजवतात. गावातले लोक चिडतात. मी काठावर बसते आणि त्या धुराकडे बघत हात शेकल्यासारखे पुढं धरते.