नानासाहेबांची कुजबुज

नानासाहेब वीस वर्षं मंत्र्यांचे सल्लागार होते. सभेत ते मंत्र्यांच्या खुर्चीमागे उभे राहत आणि अधूनमधून वाकून कानात काहीतरी सांगत. काय सांगत असतील, याचं मला तेव्हापासून कुतूहल.

आता ते बहिऱ्यांसाठी संस्था चालवतात. काल संस्थेच्या कार्यक्रमात हारतुरे आटोपल्यावर त्यांनी एका आजींच्या कानात श्रवणयंत्र बसवलं. शेजारी लेक श्वास रोखून उभी. आईनं तिच्या हाकेला ओ दिल्याला तीन वर्षं झाली होती. नानासाहेब वाकले आणि तोंडाशी हात धरून जुन्या सवयीनं कुजबुजले.

"ऐकू येतंय का विचारता? येतंय की!" आजी सभागृहभर गरजल्या. "पण एवढं चोरून कशाला, साहेब?"

लेकीनं डोळ्यांना पदर लावला. नानासाहेबांनी कुणाच्या कानात काय सांगितलं, ते मला पहिल्यांदाच कळलं.