किल्लीचं दावं

बैल विकले तेव्हापासून आमच्या रानाची रया गेली होती. सासऱ्यांचे गुडघे कामातून गेले आणि दावण रिकामी झाली. मग नांगरटीपासून उसाला माती चढवायच्या भरणीपर्यंत सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. तो धिप्पाड ट्रॅक्टर त्याच्या सवडीनं येणार, आणि वळताना बांधाकडेचा ऊस लोळवून जाणार. आमचे हे शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर. त्यांना रानाकडे बघायला रविवारही पुरत नाही.

शेजारचा शेतकरी रान वाट्यानं मागत होता. पाडव्याला सांगतो, असं सासऱ्यांनी त्याला म्हटलं होतं. एकदा रान वाट्यानं गेलं की आपण नुसतं बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या हातचा ऊस बघायचा. ते मला सोसलं नसतं. मी म्हटलं, सरीतून जाईल असा छोटा ट्रॅक्टर घेऊ, जुना का असेना. मी चालवते. माहेरी भावाचा चालवलाय की! सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा काही बोलले नाहीत. मामांचं न बोलणं म्हणजे नकाराच्या अलीकडचं गाव.

पण वारणानगरच्या बाजूला एक म्हातारबा छोटा ट्रॅक्टर विकतायत असं कळलं, आणि सकाळी मामा टोपी घालून माझ्या आधी दारात. जनावर बघायला जायचं म्हटल्यावर या माणसाला घरात कोण थोपवणार?

ट्रॅक्टर चिंचेखाली उभा होता. लाल रंग पार विटलेला, सीटवर वाकळेचा तुकडा शिवून बसवलेला. मी जवळ गेले आणि बघतच राहिले. ब्रेकचं पायडल एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं. त्या झिजेत म्हाताऱ्याच्या पायाचा आकार उतरला होता. एका माणसानं इतकी वर्षं एकाच जागी पाय ठेवावा आणि लोखंडानं तो पाय लक्षात ठेवावा, याचं मला फार नवल वाटलं.

मामांनी बैल बघतात तसा ट्रॅक्टर बघायला सुरुवात केली. आधी मागून, मग पुढून. टायरांवर थापा मारल्या. बॉनेटवर तळवा ठेवला.

"थंड हाय," मामा म्हणाले.

"कालधरनं हात लावल्याला न्हाय, पावणं," म्हातारबा म्हणाले. "गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवायचं, आन् एका दमात चालू झाला म्हणून दावायचं, असली कामं आपल्याकडं न्हाईत."

"दात तर कवाच जुळल्यात. तापट हाय काय?" मामांनी बैलाचं वय काढावं तसं विचारलं.

"क्लच जरा तापट हाय. बाकी गरीब."

मला हसू आवरेना. दोघांच्या चेहऱ्यावर मात्र हसण्याची रेघ नव्हती.

म्हातारबांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं, काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि लागलीच एका लयीत धडधडायला लागलं. चिंचेवरची पाखरं उडाली. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचं हे यंत्र, रात्रभर गार पडलेलं, आणि हाक मारताच उठून उभं!

पण भुलून चालणार नव्हतं. जुन्या ट्रॅक्टरची अवजार उचलून धरणारी लिफ्ट दमलेली असते, हे मला भावानं बजावलं होतं. मी मागचा माती उकरायचा रोटर उचलायला लावला, इंजिन बंद करायला लावलं आणि रोटरखाली एक वीट उभी केली, मध्ये जेमतेम बोटभर फट ठेवून. लिफ्ट खचली तर रोटर विटेवर टेकणार. मग आम्ही चहाला बसलो.

चहा पिता पिता म्हातारबांनी सांगितलं, की त्यांचं रान रस्त्यात गेलं. घरामागचा एक तुकडा तेवढा उरलाय. "चालणाऱ्याला असं बांधून ठिवू ने," ते म्हणाले. "चालिवणार कोण?"

मामांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"मी," मी म्हणाले.

परत आलो तेव्हा फट होती तशीच होती. मी वाकून त्यात बोट घालून बघितलं. एवढं जड लोखंड एवढा वेळ हवेत धरून हा म्हातारा गडी गप उभा होता. लोखंडापुढे हात जोडावेसे वाटतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग मी घरामागच्या उसात ट्रॅक्टर घातला. सरीतून गेले, वळले, परत आले. काळी माती दोन्ही अंगांनी उसाच्या बुडाशी चढत होती आणि एक कोंब मोडला नाही. मामा बांधावर काठी टेकून उभे होते. मी उतरले तेव्हा ते म्हातारबांना एवढंच म्हणाले, "सोडा मग."

व्यवहार झाला. किल्लीला बेंदराच्या सणात बैलांना बांधतात त्या गोंड्याची लाल-काळी दोरी होती. म्हातारबांनी ती गाठ सावकाश सोडली, दोरी खिशात घातली आणि नुसती किल्ली मामांच्या हातावर ठेवली.

"दावं देत न्हाईत, पावणं."

जनावर विकताना आमच्याकडे दावं देत नाहीत; दाव्याबरोबर घरची बरकत जाते. पण ट्रॅक्टरला दावं? मी हसणार होते. पण मामांनी म्हातारबांना हात जोडले, तसं मी हसू गिळलं.

घरी आल्यावर मी ट्रॅक्टरवर पाणी फिरवलं, हळदकुंकू लावलं. मामा लंगडत गोठ्यात गेले. तिथं खुंटीला बैलांचं दावं होतं, विकताना त्यांनी मागं ठेवलेलं. त्याला झाडतानासुद्धा कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक. मामांनी ते खाली काढलं, विळ्यानं वीतभर तोडलं, त्याचा एक पीळ उकलून किल्लीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"शेजाऱ्याला पाडव्यापतुर कशाला ताटकळत ठिवायचं?" ते म्हणाले. "आजच सांगून येतो, रान द्यायचं न्हाय म्हणून. धर ही."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. दोरीला अजून बैलांचा वास होता.