दांड्यासकट ऐंशी तास

माणसं पटवणं हा माझा जुना छंद. लग्नात रुसून बसलेले जावई मी उठवलेत. गल्लीतल्या दोन भावांचा अकरा वर्षांचा अबोला मी एका ताट शेवभाजीवर मोडलाय. त्यामुळे जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत मांडीवर गेमचं खोकं घेऊन बसलो होतो, तेव्हा अक्काला पटवायचं कसं याची मला अजिबात काळजी नव्हती. पारोळं येईपर्यंत भाषण पाठ झालं होतं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांवर त्याची रंगीत तालीमही झाली.

"खोकामा मिठाई शे का?" त्यांनी विचारलं.

"नही आबा, ऐंशी तास शेत."

त्यांनी आपली पिशवी गुपचूप स्वतःकडे ओढून घेतली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्यात एकटी राहते. सगळी नोकरी तिने पहिलीच्या वर्गावर काढली. बोलते शाळेतल्यासारखं शुद्ध. फक्त चिडली किंवा फार खूश झाली की अहिराणीवर येते. भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा गेमचा कन्सोल टीव्हीखाली राहिला. जाताना तो सांगून गेला, "आई, विकू नको." अक्काने विकला नाही. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि दोन वर्षं रोज तो रुमाल झटकला. निवृत्त झाल्यावर एका दुपारी तिने भाच्याला फोन करून विचारलं, हे चालू कसं करायचं. तेव्हापासून ती खेळते. कंट्रोलर धरते तो पाट्यावरचा वरवंटा धरल्यासारखा, दोन्ही कोपरं बाहेर काढून. तिला खेळताना बघून मी इतका हसायचो की एकदा तिने मला पहिलीतल्या पोरासारखं कोपऱ्यात उभं केलं होतं.

पण साखरेने तिचे डोळे धरले होते. डावा आधीच गेला. उजव्यात ती दर थोड्या महिन्यांनी सुई टोचून घ्यायची. टीव्हीने डोळा बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मात्र जेवढं दिसतंय तेवढं किती दिवस दिसेल, ते सांगता येणार नाही, असंही म्हणाले. अर्धा तास खेळली की तिला चित्र पाण्यात पडल्यासारखं हलताना दिसायचं. मग ती कंट्रोलर खाली ठेवून डोळे मिटून बसायची.

तिची इच्छा एकच होती. एक गेम शेवटपर्यंत बघायचा.

"पहिलीचा वर्ग म्हणजे कसं," ती म्हणाली होती, "पोरगं वाचायला लागलं की दुसरीत जातं. पुढे त्याचं काय झालं, ते पुढच्या बाईंना ठाऊक. मी जन्मभर सुरुवातीच केल्या. एकदा शेवट बघू दे मला, नजर आहे तोवर."

त्यासाठी तिने भाच्याला विचारून एक गेम निवडलाही होता. अडीच तासांचा, पाचशे रुपयांचा. एक नावाडीण धुक्यात माणसांना नदीपार सोडते, एवढाच. त्यात वाचायचं अक्षर एकही नाही, म्हणून तो तिला एकटीला खेळता आला असता. हे तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

आणि मी काय केलं? जळगावच्या एका दुकानातून कुणीतरी वापरून परत दिलेली मोठ्या गेमची डिस्क उचलली. ऐंशी तासांचा गेम, किंमत सोळाशे. धुळ्यात पोचलो, पाणी प्यालो आणि अक्कासमोर उभा राहून सुरू झालो.

"अक्का, अडीच तासांना पाचशे म्हणजे तासाला दोनशे. हा बघ, तासाला वीस! शिवाय खोकं आहे, आत नकाशा आहे. तुझ्या त्या गेमला साधं खोकंसुद्धा नाही. हवेला कुणी पाचशे रुपये देतं का?"

"पण मला शेवट बघायचाय."

"याला शेवट नाही का? आहे की! मोठ्या गोष्टीचा शेवटही मोठा. सतरा जणांना घेऊन जेवायला बसायचं आणि वाटीभर भरीत करायचं, ही काय आपल्याकडची रीत आहे?"

अक्का हसली. हसली म्हणजे पटलं. खानदेशात वाटी कुणालाच पटत नाही, पातेलं पटतं. तिने कळण्याची भाकरी थापली, ठेचा वाटला, आणि मी दोन घास जास्तच खाल्ले.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. मी केळीच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर उभा असतो. घड काट्यावर चढला की त्यात केळी किती आणि मधला दांडा किती, यावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात जी जुंपते, ती रोज माझ्या डोळ्यांपुढे. दांडा कुणी खात नाही, तरी तो तोलात असतो. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, "नाना, वजन बघू नका, फण्या बघा." तोच मी, ऐंशी तास दांड्यासकट तोलून घेऊन आलो होतो.

गेममध्ये एक योद्धा होता. त्याच्या राजाला कुणीतरी पळवलेलं. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस पडद्यावर बारीक अक्षरांत लांबलचक बोलायचा. अक्काला ती अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवायचो. त्यामुळे खेळ फक्त रविवारी, मी आल्यावर. अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन बैठका, मधे डोळ्यांना विश्रांती. मी वाचायचो ते साधं नव्हे. म्हातारीला म्हातारीचा आवाज, चोराला चोराचा. लोहाराला तर मी आमच्या व्यापाऱ्याचाच आवाज दिला होता. अक्का पोट धरून हसायची. माझा दर रविवारी नाट्यप्रयोग व्हायचा आणि मला वाटायचं, वा, काय सौदा केलाय!

रविवारी एक तास. गेम ऐंशी तासांचा. म्हणजे ऐंशी रविवार. तासाला वीस रुपये हा भागाकार मला चालत्या एसटीत जमला होता. हा दुसरा मी केलाच नाही.

सुरुवातीला ती शत्रूचे बाण चुकवायची. पावसाळा सरता सरता तिला बाण दिसेनासे झाले. मग ती मला म्हणायची, "उजवीकडे कोण आहे सांग." दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही अख्खा तास जंगलात मुळ्या गोळा करत होतो. कुण्या वैद्याला वीस मुळ्या हव्या होत्या. अक्काला सतरा सापडल्या. मुळी आणि गवत तिला सारखंच दिसत होतं. ती पडद्याजवळ सरकली, मग आणखी सरकली, शेवटी नाक टेकायचंच बाकी राहिलं.

"राजा कधी येणार रे?" तिने विचारलं.

मी गेममधली कामांची यादी उघडली. तिथे लिहिलं होतं, बावीस टक्के पूर्ण.

"किती झालं?"

"निम्मं झालं," मी म्हणालो.

तिने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "भाऊ, खोटं नको बोलू. यामा बठ्ठा दांडाच शे."

सगळा दांडाच, आणि हे काट्यावरच्या माणसाला! त्या दिवशी भाकरीही नको म्हणालो. तिने बळेच वाढली.

तिथेच बसून मी भाच्याला फोन लावला आणि नावाडणीचा गेम घेतला. खोकं नाही, नकाशा नाही; दहा मिनिटांत तो टीव्हीवर आला. पहिल्या अर्ध्या तासात अक्काने दोन माणसं पार नेली. राखाडी धुकं, काळी नाव, वल्ह्याचा आवाज. गोष्टी मोठ्या आणि थोड्या होत्या, त्यामुळे तिला दिसत होत्या. मला वाचायला काहीच नव्हतं. मी नुसता बसलो होतो आणि, कबूल करतो, मला थोडं वाईट वाटत होतं. नाटक सुरू होतं आणि नटाला काम नव्हतं.

म्हणून निघताना मी गंमत केली. दारात उभा राहून, हात वर करून म्हणालो, "माझ्याशिवाय शेवट बघितलास तर बघ. भावाची शपथ आहे तुला!"

"जाय, नाटक्या," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी दोनाऐवजी तीन बैठका करून आम्ही दोन तासांपर्यंत पोचलो. आता शेवटची खेप उरली होती. सगळ्यांना पार सोडून झाल्यावर नावाडीण स्वतः पलीकडे जाते, एवढं कळलं होतं. जेमतेम अर्धा तास. पण अक्काचं डोकं दुखायला लागलं होतं, आणि मीच म्हणालो, "राहू दे, पुढच्या रविवारी थाटात बघू."

पुढच्या रविवारी अमळनेरला व्याह्यांकडे लग्न होतं. मी तिथे वाढप्यांना वाढायला शिकवत होतो. अक्काला फोन केला, येत नाही म्हणून.

"मग मी बघू का?" तिने विचारलं.

"शपथ घातलीय!" मी पंगतीतून ओरडलो. शेजारचे हसले. तीही हसली.

शुक्रवारी सकाळी चहा गाळताना तिच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. पाटीवर लाल शाई सांडल्यासारखं झालं, असं तिने शेजारणीला सांगितलं. दवाखाना झाला, लेझर झालं, भाचा येऊन गेला, नाशिकला दाखवून झालं. आता तिला उजेड कळतो. खिडकी कुठे आहे, ते कळतं.

त्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं, ती कन्सोलवर परत रुमाल घालून ठेवेल. तिने मला बसवलं आणि म्हणाली, "लाव. तू खेळ. मी ऐकते."

"अक्का, ती शपथ..."

"लाव रे. शाळेत पोरं रोज शपथा घालायची. मी कधी पाळली नाही. तुझीच का पाळली, देव जाणे."

मी पहिल्या खेपेपासून नाव सोडली. वल्ह्याचा आवाज आला. ती सांगत होती, "आता डावीकडे खडक येईल. नंतर दिवा." खडक आला, दिवा आला. दोन तासांचं सगळं तिच्या मनात जसंच्या तसं होतं. ती शेवटची खेप तेवढी तिने पाहिलेली नव्हती. ती मी सांगितली. मी म्हणजे मी. बँड लावला असता, काठावर अख्खं गाव उभं केलं असतं. पण तिने आधीच बजावलं होतं, "जसं आहे तसं सांग."

धुकं विरतं. काठ येतो. नाव टेकते. नावाडीण उतरते.

"घ्यायला कोण आलंय?"

"कोणी नाही."

ती म्हणाली, "परत लाव."

आता दर रविवारी तेच चालतं. अडीच तास, पहिल्यापासून. मोजायचं म्हटलं तर तासाचा भाव त्या मोठ्या गेमच्याही खाली गेलाय. तो गेम मात्र बावीस टक्क्यांवर तसाच आहे. त्याचं खोकं मी परत नेलं नाही, तिनेही फेकलं नाही. त्याच्यावर आता तिची औषधं असतात.

एकदा माझ्याच्याने राहवलं नाही. नाव टेकल्यावर मी म्हणालो, "अक्का, एक पोरगं उभं आहे काठावर. तुझ्या पहिलीतलं असावं. मोठं झालंय."

तिने हात पुढे करून माझं तोंड चाचपलं, ओठांवर बोटं ठेवली. मग तिने मला पुन्हा सुरुवातीपासून खेळायला लावलं. माझी शेवटची बस चुकली तरी चालेल, म्हणाली.

परवा परत तिथेच पोचलो. धुकं विरलं. नाव टेकली.

"कोणी नाही, अक्का."

"नीट देख," ती म्हणाली. "तुले दिसस ना?"