मुका पंचम

माझा आवाज फाटका आहे. लहानपणी गाण्याच्या बाईंनी तो पहिल्याच दिवशी ओळखला आणि मला पेटीवर बसवलं. तेव्हापासून मी गाणाऱ्यांच्या मागे लपून वाजवत आले. मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीतही कुणी 'आरती म्हण ना' म्हटलं की मी घाईघाईने झांजा हातात घेते.

कोळवणच्या खोऱ्यातल्या एका मठात गेले तीसुद्धा वाद्यासाठीच. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिकडे शेतघर घेतलं होतं. "आमच्या शेजारी एक गोसावी ऑर्गन वाजवतात," असं ती म्हणाली, तेव्हा मला वाटलं, मारतेय थापा. रविवारी स्कूटर काढून बघायला गेले तर खरंच! भातखाचरांच्या वरच्या अंगाला पत्र्याचं छप्पर, त्याखाली पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आणि त्यावर भगव्या लुंगीतले एक वाळकुडे बाबा. कुठलीशी नाटक कंपनी बुडाली तेव्हा ते धूड मठाच्या पदरात पडलं म्हणे.

बाबा ऐन तरुणपणी घर सोडून मठात आले आणि तिथलेच झाले. दर रविवारी दुपारी गावातल्या दहाबारा बायका भजनाला जमत. प्रत्येक भजनाची चाल बाबांनी बांधलेली, आणि एकही कुठे लिहिलेली नाही. खोऱ्याबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. पण बोटं थरथरायला लागली होती. एकदा भजन आटोपल्यावर ते हळूच म्हणाले, "नावाचं काय न्हाई ताई. मी गेल्यावं ह्या चाली कुनी म्हनंल का, येवडंच मनात येतंया."

मी लगेच वही घेतली आणि एकेक चाल स्वरलिपीत उतरवू लागले.

त्या ऑर्गनचा मधला पंचम मुका होता. कळ दाबली की नुसती हवा फुसफुसायची. प्रत्येक चाल फिरून फिरून तिथे यायची आणि ऑर्गन गप्प व्हायचा. वहीत त्या जागी मी लाल पेनाने फुल्या मारत गेले. मला बाबांची फार कीव यायची. एवढा गुणी माणूस, आणि जन्मभर मोडक्या वाद्यावर! मोतीबिंदू काढायला त्यांना पिरंगुटला नेलं तेव्हा मी संधी साधली. पुण्याहून कारागीर आणला आणि त्या कळीखाली नवी पितळी पट्टी बसवून घेतली. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

पुढच्या रविवारी बाबा काळा चष्मा लावून बसले. मी मुद्दाम काही बोलले नाही. चाल त्या जागी आली, बोट सवयीने कळीवर पडलं, आणि पंचम खणखणीत वाजला. बायका दचकल्या, मग हसल्या. दुसऱ्या वेळी त्यांचे आवाज खाली आले. तिसऱ्या वेळी कुणी पदर सारखा करत होतं, कुणी बाहेर वाळत घातलेल्या भाताकडे बघत होतं. ऑर्गन एकटाच गात होता.

बाबा थांबले. "ह्यो कुनी बोलता केला?"

"मी, बाबा."

"लई ग्वाड वाजतंय की!" एक आजी म्हणाल्या.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "ताई, हितं पेटी गप व्हायची तवा मानसं गायची. आता पेटी बोलतीया आन् मानसं गप. आदी मला बी वंगाळ वाटायचं. मंग येकदा पेटी थांबली आन् ह्या बायांनी असा सूर धरला, माजं डोळंच भरलं. तवापास्नं समद्या चाली मी तितंच आनून सोडतूया."

मी वही उघडून पाहिली. जिथे जिथे लाल फुली होती, तिथे तिथे चालीतला सगळ्यात लांब सूर होता. इतके महिने लिहीत होते, आणि ऐकलं काहीच नव्हतं. अशी लाज वाटली!

"कारागिराला परत बोलावते," मी म्हटलं.

"कशापायी? कागुद द्या."

मी वहीतलं पान फाडून दिलं. बाबांनी त्याची घडी घालून ती त्या कळीखाली घट्ट कोंबली आणि माझ्या हातावर थोपटलं. "आता झ्याक झालं."

या हिवाळ्यात बाबा गेले. नंतरच्या रविवारी बायकांनी मला ऑर्गनवर बसवलं आणि बाबांची आवडती चाल धरली. ती जागा आली. मी कळ दाबली, ती कागदावर अडली, ऑर्गन गप्प झाला. आणि कुणीच गायलं नाही. सगळ्यांचे पदर डोळ्यांना होते.

कागद ओढून काढणं सोपं होतं. बोटही तिकडे गेलं होतं. पण बाबांची चाल अशी यंत्राच्या हवाली करायला मन धजेना. शेवटी मीच तोंड उघडलं. पंचम फाटकाच लागला, घोगरा, थरथरता. समोरच्या आजींनी डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या सुरात सूर मिळवला. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता सगळ्या आल्या, आणि माझा आवाज मला वेगळा ऐकू येईना.