बिस्मिल्ला न म्हटलेली दावत

किळस यावी अशी गोष्ट सांगायची तर आधी प्रेमाचं सांगावं लागतं. श्रीवर्धनच्या कमरुद्दीनचं प्रेम होतं एका अमेरिकन डायरेक्टरवर. नाव हॉबर्ट क्रेन. दुबईतल्या अल क्वोजमध्ये कमरुद्दीनचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, तिथे त्यानं क्रेनचा पहिला सिनेमा पाहिला. उपाशी खाणकामगारांचा. बघून ढसाढसा रडला. हॉटेलात भांडी घासून हा माणूस डायरेक्टर झाला, हे तो गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगायचा. पुढे क्रेनला बक्षिसं मिळाली, इकडे कॅसेटी मेल्या आणि कमरुद्दीननं त्याच गाळ्यात केटरिंगचं किचन टाकलं. त्याच्या दावतीतून कुणी उपाशी उठत नाही, असं कोकणी लोकांत नाव झालं.

आणि म्हातारपणी अल्लानं ऐकलं, क्रेनच शूटिंगला दुबईत आला! सीन लग्नाच्या जेवणाचा. जेवण कमरुद्दीनचं आणि यजमानाचं कामही त्यालाच.

"चार-चार जण एका थाळ्याभोवती बसतील अंकल. तुम्ही बिस्मिल्ला म्हणायचं, खलास," असिस्टंट शार्दूल म्हणाला. पुण्याचा पोरगा.

खैरुन्निसानं नवऱ्याच्या शेरवानीला स्वतः इस्त्री केली. "आता तरी तुमचा हॉबर्ट तुम्हाला ओळखू दे."

"इन्शाल्ला."

सेटवर तंबूमागे एक पोरगी त्याच्या बिर्याणीवर डब्यातून काहीतरी फवारत होती. कमरुद्दीननं वास घेतला. व्हार्निश!

"अरे, हे काय चालवलंय?"

"चमक येते अंकल," पोरगी म्हणाली. "खायचं नाहीये कुणी, फक्त हात पुढे करायचे."

मग लेबर कॅम्पमधली माणसं आणून थाळ्यांभोवती बसवली. एकानं हळूच विचारलं, "चाचा, खाना मिलेगा ना? सुबह से भूखा रखा है."

कमरुद्दीननं शार्दूलकडे पाहिलं.

"सरांना चेहऱ्यावर रियल भूक पाहिजे," शार्दूल खाली बघत म्हणाला.

शी! खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे ऐकलं होतं; इथे तर हत्तीच समोर बसला होता. क्रेन मॉनिटरपाशी गार हवेत सँडविच चावत होता, ओठाला मेयॉनीज. ह्याच्यासाठी आपण रडलो?

"ॲक्शन!"

माणसांचे हात थाळ्यांकडे वळले. आता कमरुद्दीननं बिस्मिल्ला म्हणायचं होतं. ह्या घाणीवर अल्लाचं नाव घ्यायचं?

"हाथ मत लगाओ!" तो ओरडला. "इसपे दवा मारी है!" आणि बिर्याणीच्या देगीत मेलेला उंदीर सापडावा तसं त्यानं क्रेनकडे पाहिलं.

क्रेन धावत आला. रागावला नाही हो, त्यानं चक्क मिठी मारली! "ब्युटिफुल! वन मोअर, सेम फेस!"

कमरुद्दीननं ते हात अंगावरून काढले. "यल्ला, चलो, उठो सब." सगळ्यांना गाड्यांत कोंबून त्यानं आपल्या किचनवर नेलं आणि दाल-खिचडी पोटभर वाढली. तेवढंच बरं वाटलं त्याला.

काही महिन्यांनी त्याचा मुलगा तहा ह्यानं फोन पुढे केला. "अब्बा, लुक! यू आर इन द ट्रेलर!"

चकाकणारी बिर्याणी. कमरुद्दीनचा तो चेहरा. मग त्याची पाठ, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गोड आवाजात भुकेल्यांना म्हटलेलं, "बिस्मिल्ला."

"किती छान म्हटलंत!" खैरुन्निसा म्हणाली.

कमरुद्दीन बेसिनपाशी गेला आणि चूळ भरत राहिला.