असंयमाला दहापैकी दोन

कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या अंधेरीतल्या एका इस्पितळाच्या समितीवर मला घेतलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, आता डॉक्टरांचे पेपर मी तपासणार." समितीत डॉक्टरांसोबत एक सामान्य नागरिक हवा होता. शाळेतून मी निवृत्त झाले होते, मार्क द्यायची हौस काही निवृत्त झाली नव्हती.

चार अर्ज घरी आले. तीन झटपट तपासले, चौथ्यावर गाडी अडली. कुर्ल्यात पोस्टर लावून बायकांना बोलवायचं, व्यायाम शिकवून बरं करायचं, असा बेत होता आणि आजाराचं नाव लिहिलं होतं 'मूत्र असंयम'. शिंकताना, हसताना लघवीचे थेंब गळतात, तो. मला तो सहा वर्षं होता आणि घरात कुणालाच माहीत नव्हता.

असंयम? माझं डोकंच फिरलं. बायकांसाठी धड मुतारी नसलेल्या शाळेत सकाळी सात ते दुपारी साडेबारा मी लघवी दाबून वर्गावर उभी राहिले. याहून जास्त संयम कोणी ठेवायचा? रागारागाने दोन मार्क दिले. मग वाटलं, ते व्यायाम तर मलाच हवेत. दोनावर काट मारली आणि जागा कोरी सोडली.

बैठकीत अर्ज करणारी तरुण डॉक्टर समोरच बसली होती. मी म्हटलं, "अगं, तुझ्या पोस्टरवर असंयम वाचून कुर्ल्याची बाई म्हणेल, मी काय वाया गेलेली आहे का? एकही यायची नाही." पोरीचा चेहरा पडला. बायका येणार नसतील तर पैसेही मिळणार नव्हते.

"मग काय लिहू, बाई?"

"हसताना लघवी होते का, असं सरळ विचार ना."

अध्यक्ष डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, इतकं उघड विचारलं तर हो कोण म्हणणार?"

प्रश्न रास्त होता. सगळे माझ्याकडे बघत होते. लाज वाटत होती. मी हात वर केला.

मग कोपऱ्यात बैठकीची टिपणं लिहिणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांचाही हात वर गेला.

अध्यक्ष म्हणाले, "शब्द बदला. अर्ज मंजूर."

"दोघी तर इथेच मिळाल्या," तरुण डॉक्टर म्हणाली, आणि आम्ही तिघी अशा हसलो की माझं व्हायचं ते झालंच. मी हसत राहिले.