मशेरीखालचं रक्त

शहापूरच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने माझ्या आईला वाचवलं. त्या मुरबाडकडच्या; नाव विचारायचं राहूनच गेलं. मी सातवीतून शाळा सोडलेला, लांबच्या गावाहून इथे कारखान्यात लागलो, आणि आईला रक्ताचा कॅन्सर निघाला.

सिस्टर रोज तिच्या पोटऱ्यांवर कातडीखाली रक्त उतरल्याचे लाल ठिपके शोधायच्या, मग तिने तोंड उघडावं म्हणून स्वतःच आ करायच्या. "मावशी, तोंड दाखवा गो."

कळलं तर घरी सोडणार नाहीत, म्हणून आई हिरड्यांतलं रक्त मशेरीने झाकायची. एकदा सिस्टरने ओल्या कापसाने मशेरी पुसली.

"माझी आय पन अशीच लबाड हाय!" म्हणत त्या डॉक्टरांकडे धावल्या. प्लेटलेट चढवल्या, रक्त थांबलं. आई आता जेवते, भांडतेही.

मला सुईची फार भीती वाटते. तरी एक दिवस त्यांच्याच एखाद्या पेशंटसाठी मी रक्त देईन.